सुट्टीतील शिक्षण : हक्क की योजना? आयर्लंडमधील ‘जुलै शिक्षण कार्यक्रमा’चा ऐतिहासिक मागोवा

सारांश

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या बालकांसाठी शासकीय अनुदानातून चालविल्या जाणाऱ्या उन्हाळी शिक्षण कार्यक्रमांचा विचार बहुधा कल्याणकारी योजना या सदराखाली केला जातो. प्रस्तुत लेखात आयर्लंडमधील ‘जुलै शिक्षण कार्यक्रम’ या योजनेचा उगम, रचना व स्थित्यंतरे यांचा मागोवा घेतला आहे. या कार्यक्रमाचे मूळ १९९३ च्या उच्च न्यायालयीन निकालात, म्हणजे शिक्षणाच्या घटनात्मक हक्कात आहे. परंतु त्याची अंमलबजावणी शाळांच्या ऐच्छिक सहभागावर सोपविली गेली. या विसंगतीची कारणे आयरिश शिक्षणव्यवस्थेच्या घडणीत शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : विशेष शिक्षण, अध्ययनातील सातत्य, जुलै शिक्षण कार्यक्रम, शिक्षणाचा हक्क, आयर्लंडची राज्यघटना.

१. प्रस्तावना

शाळेची उन्हाळी सुट्टी ही सर्वसामान्य बालकाच्या दृष्टीने आनंदाची पर्वणी असते. वर्षभर शिकलेले काही विसरले, तरी नवे वर्ष सुरू झाल्यावर चार-दोन आठवड्यांच्या उजळणीत ते भरून निघते. तीव्र बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या बालकाच्या बाबतीत मात्र हे गणित जुळत नाही. स्वतःच्या हाताने चमचा धरून जेवणे, शौचाची गरज खुणेने कळविणे, चित्रावर बोट ठेवून पाणी मागणे, ठरावीक वेळ एका जागी बसणे अशी कौशल्ये या बालकांना महिनोन् महिन्यांच्या नेटाच्या सरावाने साध्य होतात. दोन महिने सराव थांबला की ती ढासळतात. आणि पुन्हा त्याच पायरीवर येण्यासाठी सुट्टीहूनही अधिक काळ खर्ची पडू शकतो. असे दरवर्षी घडत गेले, तर बालक शाळेत जात असूनही त्याची प्रगती एकाच वर्तुळात फिरत राहते.

सुट्टीतील अध्ययनहानी ही केवळ विशेष बालकांपुरती बाब नाही. हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन, अमेरिकी विद्यार्थ्यांची संपादणूक सुट्टीनंतर सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे जाते, असे दाखविले होते. या हानीच्या प्रमाणाविषयी पुढील अभ्यासकांमध्ये मतभेद झाले. परंतु ज्या बालकांना गमावलेले पुन्हा मिळविण्यास असाधारण वेळ लागतो, त्यांच्या बाबतीत प्रश्न सरासरीचा उरत नाही. तो शिक्षण मिळाले की नाही, याचाच प्रश्न होतो. हा प्रश्न आयर्लंडमध्ये न्यायालयात कसा गेला आणि तेथून शासकीय परिपत्रकात कसा उतरला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) आयर्लंडमधील उन्हाळी विशेष शिक्षण कार्यक्रमाची ऐतिहासिक व न्यायालयीन पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) या कार्यक्रमाची रचना आणि लाभार्थी-निकष यांत कालौघात झालेले बदल नोंदविणे.
३) अमेरिकेतील समांतर घडामोडींशी त्याची तुलना करणे.
४) हक्क व योजना यांतील अंतराची कारणे शोधणे.

३. पार्श्वभूमी : आरोग्य खात्याकडील बालके

आयर्लंडमध्ये अपंग बालकांच्या शिक्षणाचा आरंभ धार्मिक संघांच्या सेवाकार्यातून झाला. डब्लिनमधील कॅब्रा येथील सेंट व्हिन्सेंट्स या संस्थेच्या शाळेला १९४७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकांची विशेष शाळा म्हणून शासनमान्यता मिळाली. १९६५ मध्ये या विषयावरील चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर विशेष शाळांची संख्या वाढू लागली. मात्र या वाढीचा लाभ प्रामुख्याने सौम्य व मध्यम अक्षमता असलेल्या बालकांना झाला. तीव्र व अतितीव्र अक्षमतेची बालके शिक्षण खात्याच्या कक्षेबाहेरच राहिली. त्यांना ‘काळजी’ हवी, ‘शिक्षण’ नव्हे, अशी धारणा होती. साहजिकच त्यांची व्यवस्था आरोग्य खात्याकडे आणि स्वयंसेवी संस्थांच्या निवासी वा दिवसपाळीच्या केंद्रांकडे सोपविलेली होती.

१९८६ मध्ये एका पथदर्शी योजनेद्वारे अशा बालकांसाठी काही शिक्षक नेमले गेले. तथापि ती मर्यादित तरतूद होती, आणि तिच्यामागे हक्काची भूमिका नव्हती. पुढे जो खटला निर्णायक ठरला, त्याचे शीर्षकच या स्थितीवर प्रकाश टाकते. ‘ओडोनोह्यू विरुद्ध आरोग्यमंत्री’ या नावाने तो ओळखला जातो. बालकाच्या शिक्षणासाठी दाद मागताना पहिला प्रतिवादी आरोग्यमंत्री असावा, यातच त्या काळातील प्रशासकीय विभागणीचे चित्र उमटले आहे.

४. १९९३ चा निकाल आणि ‘सातत्या’ची संकल्पना

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेतील अनुच्छेद ४२.४ नुसार राज्यसंस्थेने मोफत प्राथमिक शिक्षणाची तरतूद करावयाची आहे. ओडोनोह्यू खटल्यातील बालकाला तीव्र शारीरिक व बौद्धिक अक्षमता होती. शासनाची भूमिका अशी की, घटनेला अभिप्रेत असलेले प्राथमिक शिक्षण म्हणजे रूढ अर्थाचे शालेय शिक्षण. ते घेण्याची क्षमताच या बालकात नसल्याने घटनात्मक कर्तव्याचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे शिक्षणाची व्याख्या आधी संकुचित करावयाची आणि मग बालक तिच्यात बसत नाही म्हणून त्याला वगळावयाचे, असा हा युक्तिवाद होता.

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओहॅनलन यांनी मे १९९३ मध्ये तो फेटाळला. त्यांनी आधार घेतला तो १९६५ च्या ‘रायन’ खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या विवेचनाचा. रायन खटला मुळात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्याविषयीचा होता. परंतु त्यात ओघाने शिक्षणाची व्याख्या आली होती. बालकाच्या अंगभूत व सुप्त अशा शारीरिक, मानसिक आणि नैतिक क्षमतांचा शक्य तितका उत्तम उपयोग त्याला करता यावा यासाठी दिलेले अध्यापन व प्रशिक्षण म्हणजे शिक्षण, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या स्वीकारली की ‘शिकण्यास अपात्र’ असे बालकच शिल्लक राहत नाही. चमचा धरायला शिकणे हेही त्या बालकाचे प्राथमिक शिक्षणच ठरते.

उन्हाळी कार्यक्रमांच्या दृष्टीने निकालाचा पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. अशा बालकांच्या शिक्षणाचा आरंभ लवकर व्हावा, शिक्षकांमागील विद्यार्थिसंख्या कमी असावी आणि शक्य तितके हे शिक्षण वर्षभर अखंड चालावे, सर्वसाधारण शाळांप्रमाणे त्यात दीर्घ सुट्ट्या असू नयेत, असे न्यायमूर्तींनी नमूद केले. येथे ‘सातत्य’ ही संकल्पना प्रथमच हक्काच्या परिभाषेत आली. सुट्टीत शिकविणे हा शिक्षणाला दिलेला पूरक भाग नसून, या बालकांच्या बाबतीत ते शिक्षणाच्या आशयातच अंतर्भूत आहे, असा त्याचा अर्थ होतो. शासनाने या निकालाविरुद्ध अपील केले; परंतु त्यावर तपशीलवार निर्णय होण्यापूर्वीच प्रकरण तडजोडीने मिटले. त्यामुळे सातत्याच्या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली नाही, ही बाबही लक्षात घेणे आवश्यक आहे.

याच वर्षी विशेष शिक्षण पुनरीक्षण समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीव्र अक्षमतेच्या वा स्वमग्न बालकांसाठी सहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे आयर्लंडमध्ये पुढे रूढ झालेले प्रमाण याच काळातील विचारमंथनाचे फलित आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री मीहॉल मार्टिन यांनी विशेष गरजा असलेल्या बालकांना अध्यापन व साहाय्यक यांचा आधार आपोआप मिळेल, असे जाहीर केले. स्वमग्नतेला एक स्वतंत्र शैक्षणिक गरज म्हणून मान्यता मिळण्याची प्रक्रियाही या निर्णयाने पुढे गेली.

२००० मध्ये सिनॉट खटल्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बार यांनी आणखी एक पाऊल टाकले. प्राथमिक शिक्षणाचा हक्क वयावर नव्हे तर गरजेवर अवलंबून असतो, असे त्यांनी ठरविले. मात्र जुलै २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा हक्क वयाच्या १८ वर्षांपर्यंत मर्यादित केला. ज्या न्यायालयीन प्रवाहाने हक्काचा विस्तार केला होता, त्याला येथे बांध घातला गेला. पुढील उन्हाळी योजना याच चौकटीत आकारास आली आणि तिची वयोमर्यादाही १८ वर्षांची राहिली.

५. अमेरिकेतील समांतर मार्ग

आयर्लंडच्या अनुभवाचे वेगळेपण कळण्यासाठी अमेरिकेतील घडामोडी थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत १९७५ च्या संघीय कायद्याने प्रत्येक अपंग बालकाला त्याच्या गरजेनुरूप मोफत सार्वजनिक शिक्षणाचा आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचा हक्क दिला. पेनसिल्व्हेनिया राज्यात मात्र शासकीय खर्चाने वर्षाला १८० दिवसांपेक्षा अधिक शिक्षण द्यावयाचे नाही, असा प्रघात होता. त्याविरुद्धच्या ‘आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन’ खटल्यात १९७९ मध्ये न्यायमूर्ती न्यूकमर यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. १९८० मध्ये अपील न्यायालयानेही वेगळ्या कारणमीमांसेने तो उचलून धरला. प्रत्येक बालकाचा आराखडा वैयक्तिक असावा असे कायदा म्हणतो. मग दिवसांची एकच ताठर मर्यादा सर्वांना लावणे त्या कायद्याशी विसंगत आहे, असा त्या निर्णयाचा गाभा होता.

त्यानंतर सुट्टीत किती पीछेहाट होते आणि ती भरून काढण्यास किती काळ लागतो, हा मुख्य निकष बनला. त्यात एक क्रूर विसंगती दडलेली होती. हक्क सिद्ध करण्यासाठी बालकाने आधी एक उन्हाळा गमावून दाखवावा लागे. १९९० मध्ये ओक्लाहोमातील बिक्सबी येथील खटल्यात अपील न्यायालयाने भूतकाळातील पीछेहाटीबरोबर भविष्यातील संभाव्यतेचा आणि इतर घटकांचाही विचार व्हावा, असे स्पष्ट केले. १९९७ च्या कायदादुरुस्तीनंतर आलेल्या संघीय नियमांनी ही तरतूद लिखित स्वरूपात आणली. अक्षमतेच्या विशिष्ट प्रकारांपुरती ही सेवा मर्यादित करता येणार नाही आणि तिचा प्रकार, प्रमाण वा कालावधी एकतर्फी ठरविता येणार नाही, असे हे नियम सांगतात.

अमेरिकी व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. तेथेही सेवा मिळविण्यासाठी पालकांना दीर्घ पाठपुरावा करावा लागतो. तथापि कर्तव्य कोणाचे, याविषयी संदिग्धता नाही. ते शालेय जिल्ह्याचे आहे.

६. जुलै शिक्षण कार्यक्रम : आरंभ व रचना

आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळा जुलै व ऑगस्ट असे दोन महिने बंद असतात, आणि विशेष शाळाही सर्वसाधारणपणे हेच वेळापत्रक पाळतात. २००० च्या दशकाच्या आरंभापासून ‘जुलै शिक्षण कार्यक्रम’ नियमितपणे राबविला जाऊ लागला. सर्वसामान्य व्यवहारात तो ‘जुलै तरतूद’ म्हणूनच ओळखला जाई. सुट्टीमुळे होणारी अध्ययनातील पीछेहाट कमी करणे हा त्याचा घोषित हेतू होता. तीव्र वा अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेली आणि स्वमग्न बालके हे त्याचे लाभार्थी होते.

कार्यक्रमाचे दोन प्रकार होते. पहिला शाळाधारित. विशेष शाळा, तसेच स्वमग्न बालकांसाठी विशेष वर्ग असलेल्या सर्वसाधारण शाळा जुलैमध्ये दोन ते चार आठवडे वर्ग चालवीत. शिक्षक व विशेष गरजा साहाय्यक यांचे अतिरिक्त मानधन, शाळेचे दरडोई अनुदान आणि बालकांची ने-आण यांचा खर्च शासन करीत असे. दुसरा प्रकार गृहाधारित. ज्या बालकाची शाळा कार्यक्रम चालवीत नसे, त्याला घरी शिकवणीसाठी आठवड्याला १० तास याप्रमाणे चार आठवड्यांत ४० तासांचे अनुदान मिळे.

या रचनेत ‘ज्या शाळा कार्यक्रम चालवू इच्छितात’ ही शब्दयोजना कळीची आहे. सहभाग ऐच्छिक होता. शाळेच्या व्यवस्थापनाने अर्ज करावयाचा. शिक्षक व साहाय्यक यांनी स्वतःच्या रजाकाळात काम करण्यास संमती द्यावयाची. यांपैकी एक दुवा निखळला तरी त्या शाळेतील बालकांसाठी वर्ग भरत नसे. शासनाने निधी दिला, परंतु शाळा उघडण्याचे बंधन कोणावरही घातले नाही.

७. ऐच्छिकतेचे मूळ : ‘शिक्षण देणे’ व ‘शिक्षणाची सोय करणे’

न्यायालयाने घटनात्मक कर्तव्य म्हणून सांगितलेली गोष्ट ऐच्छिक योजनेच्या रूपात का आली? आर्थिक काटकसर हे एक कारण सहज सुचते. पण ते पुरेसे नाही. त्याचे मूळ आयरिश शिक्षणव्यवस्थेच्या घडणीत आहे.

एकोणिसाव्या शतकापासून आयर्लंडमधील बहुसंख्य प्राथमिक शाळा चर्चच्या आश्रयाखाली वाढल्या. शासन शिक्षकांचे वेतन देते, अभ्यासक्रम ठरविते व तपासणी करते. परंतु शाळेची मालकी आणि व्यवस्थापन आश्रयदात्या संस्थेकडे असते. अनेक विशेष शाळाही धार्मिक संघ वा पालक-संघटना यांनी उभारलेल्या आहेत. १९३७ च्या घटनेने ही व्यवस्था गृहीत धरली. म्हणूनच अनुच्छेद ४२.४ मध्ये राज्यसंस्थेने शिक्षण ‘द्यावे’ असे न म्हणता शिक्षणाची ‘सोय करावी’ अशी शब्दरचना आहे.

या दोन शब्दांतील अंतर १९८० च्या ‘क्रॉली’ खटल्यात उघड झाले. कॉर्क परगण्यातील ड्रिमोलीग येथे मुख्याध्यापकाच्या नेमणुकीवरून १९७६ मध्ये शिक्षक संघटनेचा वाद पेटला आणि तेथील बालकांचे शिक्षण खंडित झाले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, राज्यसंस्थेचे कर्तव्य शिक्षणाची सोय करण्याचे आहे. ते स्वतः प्रत्यक्ष पुरविण्याचे नाही. शाळा, शिक्षक व निधी यांची व्यवस्था केली की ते कर्तव्य बहुतांशी पार पडते.

जुलै कार्यक्रमाची रचना या परंपरेशी तंतोतंत जुळते. शासनाने निधीची सोय केली. शाळेने ती स्वीकारली नाही तर गृहाधारित पर्यायाची सोय केली. कागदोपत्री कोणतेही बालक वगळलेले नव्हते. सर्वसामान्य बालकासाठी अशी मध्यस्थ व्यवस्था बहुधा पुरेशी ठरते, कारण एक शाळा नाही तर दुसरी उपलब्ध असते. ज्या बालकासाठी परगण्यात एकच योग्य शाळा आहे, त्याच्यासाठी मात्र ‘सोय’ व ‘शिक्षण’ यांतील अंतर फार मोठे होते.

८. शाळेकडून घराकडे

गृहाधारित प्रकार हा मुळात पर्यायी व्यवस्था म्हणून कल्पिलेला होता. प्रत्यक्षात शाळांचा सहभाग मर्यादित राहिल्याने मोठ्या प्रमाणावर कुटुंबांना त्याचाच आश्रय घ्यावा लागला. त्यामुळे कार्यक्रमाचे स्वरूप हळूहळू पालटले. शालेय वर्षाचा विस्तार ही मूळ कल्पना मागे पडली व घरगुती शिकवणी हे त्याचे प्रमुख रूप बनले.

या बदलाचे परिणाम तीन प्रकारे जाणवतात. पहिला परिणाम सामाजिक अनुभवाचा. स्वमग्न बालकाच्या शिक्षणात समवयस्कांचा सहवास, रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे यांना मोठे स्थान असते. घरातील एकट्याच्या शिकवणीत ते साध्य होत नाही. दुसरा परिणाम जबाबदारीच्या स्थलांतराचा. शिक्षक शोधण्याचे काम पालकांवर आले. वर्षभर काळजी वाहून थकलेल्या कुटुंबाला जून महिन्यात ओळखीपाळखीतून शिक्षक मिळवावा लागे. शहरातील, सुशिक्षित व संपर्क असलेल्या कुटुंबांना ते तुलनेने सोपे होते. दुर्गम भागातील कुटुंबांना कठीण.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. ज्या बालकाची वर्तनसमस्या तीव्र आहे, ज्याला नळीने अन्न द्यावे लागते वा झटके येतात, त्याच्यासाठी घरी येण्यास शिक्षक तयार होणे सर्वांत अवघड. शाळांनाही अशा बालकांचे वर्ग सुट्टीत चालविणे सर्वांत जिकिरीचे वाटते, कारण प्रशिक्षित मनुष्यबळ व परिचारिकेची सेवा यांची तेथे अधिक गरज असते. अशा रीतीने १९९३ च्या निकालाच्या केंद्रस्थानी असलेले बालकच योजनेच्या परिघावर ढकलले जाण्याचा धोका निर्माण झाला. ऐच्छिकतेवर आधारलेल्या व्यवस्थेचा कल सोप्याकडे असतो, आणि गरज मात्र अवघड ठिकाणी असते.

९. निकष : निदान की गरज?

लाभार्थी ठरविण्याचा निकष हा या इतिहासातील दुसरा वादविषय. कार्यक्रमाचा लाभ अक्षमतेच्या दोन प्रकारांशी जोडलेला असल्याने निदानपत्राला असाधारण महत्त्व आले. स्वमग्नतेचे निदान असलेल्या बालकाला, त्याची गरज सौम्य असली तरी, लाभ मिळे. डाउन सिंड्रोम व मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाला, त्याची पीछेहाट अधिक असली तरी, तो मिळत नसे. न्यायालयीन प्रकरणे ज्या गटांच्या वतीने लढविली गेली, त्या गटांभोवती योजनेची कुंपणे उभी राहिली, असे या स्थितीचे वर्णन करता येईल. अमेरिकी नियमांनी नेमकी हीच प्रकारनिहाय मर्यादा निषिद्ध ठरविली होती, हे येथे आठवावे.

२००४ मध्ये संमत झालेल्या विशेष गरजाधारित शिक्षण कायद्याने वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची तरतूद केली होती. ती अंमलात आली असती तर सुट्टीतील शिक्षणाची गरजही प्रत्येक बालकाच्या आराखड्यात नोंदविता आली असती. परंतु २००८ च्या आर्थिक संकटात कायद्याच्या या भागाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली व ती दीर्घकाळ रखडली. परिणामी गरज मोजण्याचे वैधानिक साधन हाती नसताना निदान हाच सोयीचा निकष राहिला. राष्ट्रीय विशेष शिक्षण परिषदेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्वमग्नताविषयक धोरण-सल्ल्यात या योजनेतील विषमतेकडे लक्ष वेधून, गुंतागुंतीच्या गरजा असलेल्या सर्वच विद्यार्थ्यांचा विचार करणारी फेररचना सुचविली.

१०. २०२० नंतरची स्थित्यंतरे

मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे आयर्लंडमधील शाळा बंद झाल्या. पूर्वी केवळ विशेष बालकांना भेडसावणारा खंड आता सर्वांच्याच वाट्याला आला, आणि सातत्याचे महत्त्व सार्वत्रिक चर्चेचा विषय बनले. त्या उन्हाळ्यात योजनेची व्याप्ती वाढवून डाउन सिंड्रोमसह अन्य गटांतील बालकांचा तीत समावेश झाला. जी कुंपणे सुमारे दोन दशके टिकली होती, ती एका संकटाने काही आठवड्यांत हलविली.

२०२१ मध्ये शिक्षणमंत्री नॉर्मा फोली आणि विशेष शिक्षणाच्या राज्यमंत्री जोसेफा मॅडिगन यांनी ४ कोटी युरोपर्यंतची तरतूद जाहीर केली. ती आधीच्या वर्षीच्या दुप्पट होती. ‘उन्हाळी कार्यक्रम’ या नव्या नावाखाली सर्व शाळांना सहभागी होण्याची मुभा मिळाली. गुंतागुंतीच्या गरजा असलेले विद्यार्थी आणि सामाजिकदृष्ट्या वंचित वस्त्यांतील विद्यार्थी असे दोन्ही गट त्यात आले. पुढील वर्षांतही ही तरतूद चालू राहिली आणि शाळांवरील प्रशासकीय भार हलका करण्याचे प्रयत्न झाले.

निधी व व्याप्ती या दोन्ही दृष्टींनी ही प्रगती निःसंशय आहे. परंतु ऐच्छिकतेचे मूळ तत्त्व बदलले नाही. अनेक विशेष शाळा या काळातही कार्यक्रमाबाहेर राहिल्या आणि पालकांच्या तक्रारी मुख्यतः त्याविषयीच होत्या. सर्वसाधारण शाळांत दोन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरविणे तुलनेने सुलभ. म्हणून व्याप्ती वाढली ती प्रामुख्याने त्या बाजूने. निधी दुप्पट करता येतो. जुलैमध्ये वर्ग उघडण्यास तयार असलेले अनुभवी मनुष्यबळ मात्र केवळ निधीने दुप्पट होत नाही. शिक्षकांच्या रजेचा हक्कही तितकाच न्याय्य आहे. त्यामुळे या कामासाठी स्वतंत्र नेमणुका, पर्यायी शिक्षकवर्ग व वर्षभराचे पूर्वनियोजन या उपायांचा विचार अपरिहार्य ठरतो.

११. भारतीय संदर्भ

भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या घटनेतून घेतलेली आहे, हे सर्वश्रुत आहे. मात्र शिक्षणाबाबत एक फरक होता. आयर्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाची तरतूद मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आहे. भारतात ती आरंभी अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे न्यायालयाद्वारे थेट अंमलबजावणी न होणाऱ्या तत्त्वांत होती. १९९३ या एकाच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले आणि डब्लिनच्या उच्च न्यायालयाने ओडोनोह्यू निकाल दिला. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क अस्तित्वात आला.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० व सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस निश्चित केले. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. दिवसांची किमान मर्यादा कायद्यात आहे. कोणत्या बालकासाठी ती अपुरी पडते, हा प्रश्न मात्र कायद्याने विचारलेला नाही. महाराष्ट्रात विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि समावेशित शिक्षण शालेय शिक्षण विभागाकडे, अशी विभागणी आहे. आयर्लंडमध्ये आरोग्य व शिक्षण या दोन खात्यांच्या सीमेवर बालके कशी हरवली, हे पाहता ही बाब अभ्यासकांनी दृष्टीआड करू नये. गृहाधारित शिक्षण हा पर्याय राहतो की शाळेची जबाबदारी घराकडे वळविण्याचा मार्ग होतो, हे पाहण्यासाठीही आयरिश अनुभव उपयोगी आहे.

१२. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) आयर्लंडमधील उन्हाळी विशेष शिक्षणामागील विचार दानबुद्धीचा नव्हता. शिक्षणाच्या घटनात्मक हक्काच्या व्यापक अर्थातून तो पुढे आला. सातत्य हा त्या हक्काचा घटक मानला गेला होता.
२) हक्काचे योजनेत रूपांतर होताना कर्तव्याचा धारक अस्पष्ट झाला. शासनाने सोय केली, शाळांना निवड मिळाली आणि उरलेला भार कुटुंबांवर आला. याचे मूळ १९३७ च्या घटनेने गृहीत धरलेल्या मध्यस्थ व्यवस्थेत आहे.
३) निदानाधारित निकषांमुळे समान गरजेच्या बालकांत विषमता निर्माण झाली. २०२० नंतर ती कमी झाली, परंतु गरज मोजण्याची वैधानिक यंत्रणा मागेच राहिली.
४) ऐच्छिक सहभागाच्या व्यवस्थेत सर्वाधिक गरज असलेली बालके सर्वांत शेवटी पोहोचतात. निधीवाढीने हा दोष आपोआप दूर होत नाही.

ओडोनोह्यू निकालाने बालकाच्या क्षमतेविषयीचा प्रश्न निकालात काढला. प्रत्येक बालक शिकू शकते, हे तेव्हापासून वादातीत आहे. जुलै महिन्यात त्याच्या शाळेचे दार उघडण्यास कोण बांधील आहे, हा त्यापुढील प्रश्न. आयर्लंडमध्ये त्याचे उत्तर तीन दशकांनंतरही ‘ज्यांची इच्छा असेल ते’ असेच राहिले. हक्काच्या भाषेत हे उत्तर अपुरे आहे, आणि दर सप्टेंबरला मागल्या पायरीवरून पुन्हा आरंभ करणाऱ्या बालकाच्या दृष्टीने तर ते अधिकच अपुरे आहे.